सोडलंस तर इंजिन पडेल

सकाळी बायकोने दोरीवरचा त्याचा टॉवेल दोन बोटांत धरून उचलला, अंगापासून लांब, मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसा, आणि बादलीत सोडला. बस्स, एवढंच. बोलली काहीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात याचा हात धरणारं अजून कोणी जन्मलेलं नव्हतं. पण ती दोन बोटं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन वर हवेत उभी, जणू त्यांना बजावून ठेवलं होतं की बायांनो, तुम्ही नका यात पडू. तो दात घासत मोरीच्या दारात उभा होता. तोंडातला फेस एकदम कडू लागला. थुंकला तर फेसात काळपट काहीतरी दिसलं. ते दातांतलं होतं की हातावरचं, कोण जाणे.

गल्लीत त्याला बंब म्हणत. एका विम्याच्या एजंटाने स्कूटरचा हॉर्न बारीक वाजतो म्हणून फार कटकट केली, तेव्हा याने गुपचूप आगीच्या बंबाचा भोंगा बसवून दिला. एजंट चौकात भोंगा वाजवून स्वतःच्याच आवाजाने दचकला आणि स्कूटरसकट भाजीच्या ढिगात गेला. पुढची कित्येक वर्षं हा किस्सा बंबाने सांगायचा आणि लोकांनी पोट धरून हसायचं, असा रिवाजच पडला होता. पन्नाशी आली, पोट सुटलं, खाली गॅरेज, वर घर आणि मधे लोखंडी जिना, पण टवाळी काही गेली नाही. गिऱ्हाइकाच्या सीटखाली कांदा ठेवायचा, सायलेन्सरमध्ये बटाटा कोंबायचा. लोक शिव्या घालायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे, कारण हात चांगला होता. हात. त्याने बोटं नाकाशी नेली. पेट्रोल, ग्रीस, आणि त्याखाली आणखी काहीतरी, जुनं, ओलसर, बंद डब्यातल्या चिंधीसारखं. की आपल्यालाच वाटतंय? माणसाला स्वतःचा वास येत नाही ही केवढी मोठी सोय करून ठेवली आहे, नाहीतर अर्धी दुनिया स्वतःच्याच अंगाला कंटाळून मेली असती.

त्याला ढेकर आली. पेट्रोलची. घशापासून नाकापर्यंत आग गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं. त्याचं झालं असं की आदल्या संध्याकाळी साडूची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन आचके देत बंद पडली होती. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघं आले होते हिला न्यायला, चार दिवस हवापालटाला. गाडी जुनी, आजोबांच्या वेळची म्हणावी अशी, साडूने शौक म्हणून पाळलेली. ढकलत आणताना बंबाने ढकलली, साडूने स्टिअरिंग धरलं आणि मेव्हणीने पर्स. सकाळी कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल येतच नाही म्हटल्यावर टाकीपासूनची लाइन साफ आहे का बघायला याने नळी तोंडात धरून ओढली. पोरवयापासून ओढत आला होता. जीभ टेकवायची, धार आली की थुंकायचं, थुंकायची वेळ बरोबर माहीत असते. पण आज धार आली तेव्हा डोळ्यांपुढे ती दोन बोटं होती, आणि त्याने गिळलं. एक घोट. चांगला भरलेला. मग गटाराच्या जाळीवर ओणवा झाला, पण जे वर यायला हवं होतं ते आलं नाही. आला तो नुसता वास, तोही आतून बाहेर. आयुष्यभर जो वास बाहेरून अंगावर बसत होता तो आता पोटात जाऊन बसला.

लाइन साफ होती. मेला होता पंप. इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर लटकलेला तो चपटा डबा. त्याच्या पाठीमागून एक लोखंडी दांडी इंजिनाच्या आत जाते, आत फिरणाऱ्या कॅमवर, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेल्या चकतीवर, टेकते, आणि कॅमने ढकललं की दांडी हलते, दांडी हलली की डब्यातला रबरी पडदा खालीवर होतो, टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि पुढे लोटतो. एवढाच संसार. बंबाने पंप उतरवला, उघडला, आणि पडदा बघितला. दुधावरची साय चमच्याने ओढावी तसा एका कडेने फाटून गोळा झाला होता. म्हणजे कित्येक दिवस पेट्रोल पुढे न जाता गळून इंजिनाच्या पोटात, ऑइलमध्ये उतरत होतं. ऑइल मापायची पट्टी काढली तर ऑइल पाण्यासारखं पातळ, पट्टीवरून ओघळून त्याच्या मनगटावर आलं. बोट बुडवून हुंगलं. पेट्रोल. गाडीच्या आत मात्र आरशाला वासाची, पुठ्ठ्याची तीन लिंबं टांगलेली, पांढऱ्याशुभ्र सीटा, डॅशबोर्डवर जेलीची डबी. साडू खोल्यांत फवारायच्या सुगंधांच्या कंपनीत मॅनेजर होता. गाडी वरून लिंबू आणि आतून हे. त्याला एक क्षण बरं वाटलं, मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली. दुसऱ्याच्या गाडीचं पोट सडलेलं बघून जिवाला थंडावा मिळतोय, एवढ्यावर आलो का आपण?

सडलेलं ऑइल त्याने खाली ठेवलेल्या घमेल्यात सोडलं, नवं भरलं. ऑइल सोडताना पाना शोधायला म्हणून साडूची डिकी उघडली होती, आणि तिथे तिची बॅग होती. बॅगेवर उशी होती. तिची, पांढऱ्या अभ्र्याची, एका कोपऱ्यात निळं फूल भरलेली. तो पाना शोधायचं विसरला. चार दिवसांना कोणी उशी नेतं का? चार दिवसांना माणूस मिळेल त्या उशीवर झोपतं, उशी नसेल तर हात घेतं. उशी न्यायची म्हणजे काय ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं, पण तो डिकीच्या कडेवर टेकला. गेले कितीतरी महिने ती भिंतीकडे तोंड करून झोपत होती. मान दुखते म्हणाली होती. आणि ही उशी डोक्याखाली नव्हे, दोघांच्या मधे असायची. याला वाटायचं, मानेलाच काहीतरी आधार लागत असेल. अभ्रा ती वेगळा धुवायची. याचे कपडे एका बादलीत, बाकी घर दुसऱ्या बादलीत. हे सगळं त्याने बघितलेलं होतं, रोज, पण ऑइलच्या पट्टीसारखं उपसून हुंगलं नव्हतं.

साडू नाकाला रुमाल लावून जिन्यावरून अर्ध्यापर्यंत उतरला. त्याच्या दुसऱ्या हातात बिस्किट होतं, चहात बुडवलेलं, आणि त्याचा ओला तुकडा गळून त्याच्याच बुटावर पडला. साडूची बोटं बंबाला बघवत नसत. फुगलेली, गुलाबी, नखं कापून घासलेली, उकडून सोललेल्या कशाच्या तरी कांड्या असाव्यात तशी. कधी काही घट्ट पिळलंच नसेल त्या बोटांनी.

"काय साडूभाऊ, होतंय ना? उन्हाच्या आत निघालो असतो तर बरं."

"होतंय की साहेब," बंब म्हणाला. "तुमची गाडी आतून फार स्वच्छ आहे, म्हणून वेळ लागतोय."

साडूला ते कौतुक वाटलं. तो खूश होऊन वर गेला. वरून पंख्याची घरघर, कपबश्यांचा आवाज आणि दोघी बहिणींचं बोलणं येत होतं. शब्द कळत नव्हते. मेव्हणीचा आवाज उंच, हिचा खाली. मधेच दोघी गप्प व्हायच्या, आणि ते गप्प राहणं आपल्याबद्दलच आहे अशी त्याची खात्री होती.

त्याने पंपाच्या जोडातलं, इंजिनावर चिकटलेलं जुनं पॅकिंग खरडायला घेतलं. पातळ पात्याने, हळूहळू, कारण लोखंडाला चरा पडला तर तिथून ऑइल पाझरतं. पॅकिंगचे काळे पापुद्रे खपल्यांसारखे सुटत होते आणि नखांत भरत होते. एरवी त्याला हे काम आवडायचं. आज वाटत होतं आपण एखाद्या म्हाताऱ्याच्या पाठीवरची जखम साफ करतोय. आणि खरडता खरडता त्याला ते आठवलं, जे त्याला आठवायला नको होतं, कारण ते आठवलं की हसू यायचं आणि आज हसू आलं नाही.

लग्नाला नुकतंच वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. ती जिन्याच्या पायरीवर बसून त्याचं काम बघायची. असाच पंप बसवायचा होता. दांडीला आतून स्प्रिंगचा जोर असतो, त्यामुळे पंप तुम्हाला बाहेर लोटत राहतो. एका हाताने रेटून धरायचं आणि दुसऱ्याने बोल्टाला पहिले आटे लावायचे, यात जीव जातो. एकट्याने करता येतं, पण दोन माणसं असतील तर सुख. तो म्हणाला, ये, तळहात लाव इथे आणि रेट. तिने पदर खोचला आणि रेटला. तिचा गोरा तळहात त्या डब्यावर, त्याचं नाक तिच्या कानाशी, तिच्या केसांना शिकेकाईचा वास. त्याने दोन्ही बोल्ट आवळले. काम झालं होतं. आणि मग त्याच्यातला टवाळ जागा झाला. गंभीर तोंड करून म्हणाला, आता हलू नकोस. सोडलंस तर इंजिन पडेल. मी टेकू घेऊन येतो. आणि समोर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. एक चहा प्यायला. गप्पा मारल्या. दुसरा चहा प्यायला. टपरीवरल्यांना बोटाने दाखवलं, बघा, आमच्या मंडळींनी इंजिन धरून ठेवलंय, आणि सगळे हसले. परत आला तेव्हा ती तशीच उभी होती. दोन्ही हात लावलेले, कोपरं थरथरत होती, नाकाच्या शेंड्यावर घाम, आणि ओठ दातांत धरलेला. याने थट्टा होती असं सांगितल्यावर तिने हात काढले, बघितले, आणि हसली.

हसली ना? हा किस्सा त्याने लग्नामुंजीत, टपरीवर, गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितला असेल त्याला गणतीच नव्हती, आणि प्रत्येक वेळी शेवटी ती हसायची. "आणि मग अशी हसली म्हणता!" हे वाक्य ठरलेलं. पण आता पात्याचं टोक लोखंडावर थांबलं, आणि ते हसू त्याला दिसेना. कोपरं दिसत होती. घाम दिसत होता. टपरीवरचे लोक दिसत होते, त्यांच्या उघड्या तोंडांतले दात. तिचं तोंड दिसत नव्हतं. तिने हात काढले, बघितले, आणि... पुढे नुसता तिच्या पाठीचा जिन्यावरून जाणारा आकार, आणि वर मोरीत बराच वेळ पाणी पडण्याचा आवाज. हसली असेल. नाहीतर इतकी वर्षं आपण सांगतोय ते काय? त्याला पेट्रोलची ढेकर आली, या वेळी एवढी मोठी की त्याने बॉनेटच्या कडेला कपाळ टेकलं. आणि त्याला वाटलं की सकाळचा घोट काहीच नाही. हा किस्सा असाच कितीतरी वर्षांपूर्वी गिळलेला आहे आणि दर थोड्या दिवसांनी आपण चारचौघांत त्याची ढेकर देत आलोय.

नवा पंप त्याने फडक्याने पुसला. नवं पॅकिंग लावलं. दांडीच्या टोकाला ग्रीसचं बोट. आणि पंप भोकाशी नेला, तेव्हा हाताला सुचलं, डोक्याला नव्हे. दांडी आत जाताना कॅमच्या पाठीवर टेकवायची असते. पण जरा मनगट वाकडं केलं तर ती कॅमच्या खालून, पलीकडे घसरते. पंप मग किती गोड बसतो! लोटत नाही, ढकलत नाही, एका बोटाने धरा. नवशिका खूश होतो. आणि मग सेल्फ मारला की आतून एकच आवाज येतो, कट्. दांडीचा तुकडा इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या थाळ्यात पडतो. थाळा उतरवा, तुकडा शोधा, नवा पंप मागवा. आज रविवार, दुकानं बंद, हाच एक पंप त्याच्याकडे पडून होता. साडू टॅक्सीने जाईल, त्याची रजा संपते. गाडी झाली की न्यायला येतो म्हणेल, आणि हिचा बेत मोडेल. बॅग वर येईल. उशी वर येईल. कोणाला काही कळणार नाही, जुनी गाडी, जुनं लोखंड. टवाळीत टवाळी ती काय! त्याने मनगट वाकडं केलं. पंप आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा, आणि इंजिनाला चिकटून मुकाट बसला. त्याला हसू आलं. खरंच आलं. आणि हसताना जिभेला वरच्या दातांमागे पुन्हा तीच चव लागली.

एका हाताने पंप धरून तो दुसऱ्या हाताने बोल्ट लावायला गेला, आणि बोल्ट निसटला. बोल्ट टणटणत गाडीखाली गेला. दुसरा बोल्ट खिशात, खिसा पंप धरलेल्या हाताच्या बाजूला. तो अर्धा वाकलेला, ना खाली जाता येतंय ना पंप सोडता येतोय, असा अडकला असताना जिना वाजला. साडू असेल म्हणून त्याने मान वळवली नाही. ती होती. बाहेर जायच्या साडीत, केस बांधलेले, हातात पाण्याची बाटली. तिने गाडीखाली बघितलं, त्याच्याकडे बघितलं, बाटली पायरीवर ठेवली.

"थांबा, मी धरते."

"नको," तो म्हणाला. "हात खराब होतील."

तिने ऐकलंच नाही. त्याच्या काळ्या हाताच्या बाजूने आपला तळहात पंपावर टेकवला आणि रेटला. त्याला हात काढावा लागला. तो गुडघ्यांवर बसून गाडीखाली बोल्ट चाचपडायला लागला. बोल्ट चटकन सापडला, पण तो उठला नाही. तिथून तिच्या चपला दिसत होत्या, टाचेला भेग, बोटांची नखं. ती कशी उभी असेल ते त्याला न बघता दिसत होतं. तो उठला तेव्हा ती पंपाकडे बघत नव्हती. तळहात तसाच, मान जरा वाकडी, अंधारात कुलूप लागलंय का चाचपून बघतात तशी.

"हा ढकलत नाहीये," ती म्हणाली.

त्याने बोल्ट फडक्याला पुसला.

"तेव्हा केवढा ढकलत होता. रात्रभर हाताला कळत होतं." तिने एकदा दाब सोडून पुन्हा लावला. पंप मुकाट. "हा मेल्यासारखा बसलाय. तुम्ही चुकलात, की मुद्दाम?"

खरं म्हणजे कॅम कुठल्या बाजूला फिरून थांबलाय त्यावर पण असतं, जोर कधी कमी कधी जास्त लागतो, असं त्याला सांगता आलं असतं. गिऱ्हाइकाला सांगितलंच असतं. साडूला तर नकाशा काढून समजावलं असतं. तो तिच्याकडे बघत होता आणि तिच्या कपाळावर, भुवईच्या वर, एक ग्रीसचा ठिपका उडाला होता तो बघत होता. वरून मेव्हणीने विचारलं, झालं का गं? हिने वर न बघता सांगितलं, होतंय, पाच मिनिटं.

"काढा," मग ती हळू म्हणाली. "नीट बसवा."

त्याने पंप काढला. इंजिनावरचा पट्टा हाताने ओढून इंजिन थोडं फिरवलं आणि दांडी या वेळी कॅमच्या पाठीवर टेकवली. तिने दोन्ही तळहात लावले. पंप लोटायला लागला, जिवंत असल्यासारखा, आणि तिची कोपरं ताठ झाली. त्याने पहिला बोल्ट लावला. आटे लागेनात. तिच्या केसांना आता शिकेकाईचा वास नव्हता, कसलाच नव्हता, किंवा पेट्रोलच्या पलीकडचं त्याच्या नाकाला काही पोचत नव्हतं. त्याने श्वास रोखून धरला, ढेकर तिच्या कानाशी येऊ नये म्हणून. पहिला बोल्ट लागला. दुसरा लागला. त्याने पाना फिरवला, एकदा इकडे, एकदा तिकडे, दोन्ही सारखे आवळत नेले. काम झालं होतं. तिने हात काढले नाहीत.

"सोडलं तर इंजिन पडतं ना?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. हसूही नव्हतं. ते काय होतं ते त्याला ओळखता आलं नाही, आणि इतक्या वर्षांत आपण हे ओळखायला शिकलो नाही याची त्याला शिसारी आली, टॉवेलहून जास्त, फाटलेल्या पडद्याहून जास्त.

"नाही पडत," तो म्हणाला. "तेव्हाही नव्हतं पडत. सोड."

तिने सोडलं. हात समोर धरून बघितले, दोन्ही तळवे काळे कुळकुळीत, रेषांत ऑइल भरलेलं. हुंगले. नाक मुरडून "शी" म्हणाली. त्याने साबणाची वडी पुढे केली, मग ती वडी बघून मागे घेतली, तिच्यावर केस चिकटले होते.

गाडी सुरू झाली. आधी सेल्फ बराच वेळ ओढावा लागला, पेट्रोल वर येईपर्यंत, मग एक खोकला, दुसरा, आणि मग लागली. कट् झालं नाही. त्याने पंपाच्या जोडावर बोट फिरवलं, कोरडं होतं. साडू आणि मेव्हणी उतरून आले, साडूने पांढऱ्या सीटवरची न दिसणारी धूळ झटकली आणि आत बसून आणखी एका पुठ्ठ्याच्या लिंबाचं पाकीट फोडलं. बायको हात धुवायला वर गेली नव्हती. ती डिकीपाशी गेली. बंब बॉनेट लावत होता. तिने डिकी उघडली, आणि काही घ्यायचं आहे असं दाखवत उशीवर हात ठेवला. ठेवला म्हणजे टेकवला, सावकाश, पाचही बोटं पसरून, मघाशी पंप रेटला होता तसा रेटला. मग दुसरा हात. निळ्या फुलाच्या बाजूला दोन काळे पंजे उमटले. आतून मेव्हणी ओरडली, अगं अगं, काय केलंस हे, आणि ही म्हणाली, बघ ना, लक्षातच नाही राहिलं.

ती उशी घेऊन त्याच्यासमोर आली.

"ही आता कुठे नेऊ? त्यांच्या घरी अशी शोभते का? धुऊन ठेवा."

"निघेल का हे?" त्याने विचारलं.

"ते तुम्ही बघा."

ती मागे जाऊन बसली. बसताना तिने हात मांडीवर उलटे ठेवले, सीटला लागू नयेत असे, की लागावेत असे, हे त्याला नीट दिसलं नाही. साडूने काच वर केली. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, थांबली नाही, आचका दिला नाही, वळली. धुराचा शेवटचा पुंजका त्याच्या तोंडावर येऊन फुटला आणि त्याला ढेकर आली. टपरीवरून कोणीतरी विचारलं, काय रे बंब, वहिनी कुठे निघाल्या, एखादा किस्सा होऊ दे. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत काळे, नखांत पॅकिंगचे पापुद्रे. मग अंगठा आणि शेजारचं बोट फडक्याला पुन्हा पुन्हा पुसली, उशीचा पांढरा राहिलेला कोपरा तेवढ्या दोन बोटांत धरला, बाकीची तीन वर हवेत, आणि अंगापासून लांब धरून तो जिना चढायला लागला.